जुना कोट घेताना: आधी कापड, मग तिरा, लॅपल शेवटी

जुने कोट घ्यायला लागलेली मंडळी बहुधा उलट्या टोकाकडून सुरुवात करतात. रुंद लॅपल (छातीवर बाहेर वळवलेली पल्ल्याची कडा) बघून भुलतात, लेबल वाचून पैसे मोजतात आणि घरी आल्यावर काखेत कापड विरलेलं सापडतं, नाहीतर खांदा दंडावर उतरतो. म्हणून इथला क्रम मुद्दाम असा ठेवला आहे: जे दुरुस्तच होत नाही ते आधी बघायचं, जे होतं ते नंतर, आणि फॅशनचं कौतुक सगळ्यात शेवटी.

विषय साधारण १९३० ते १९६५ या काळातल्या ब्रिटिश आणि अमेरिकी कोटांचा आहे. मग तो सुटाचा कोट असो किंवा वेगळा घालायचा, ट्वीडचा म्हणजे जाड खरखरीत लोकरी कापडाचा स्पोर्ट्स कोट. चामड्याच्या आणि डेनिमच्या जॅकेटांची परीक्षा वेगळी, ती इथे नाही. लंडनच्या चॅरिटी दुकानांत किंवा न्यू जर्सीच्या थ्रिफ्ट स्टोअरमध्ये शोधणाऱ्यांना याचा जास्त उपयोग होईल. पण घरच्या ट्रंकेतून आजोबांचा कोट निघाला तर तोही याच क्रमाने बघावा. सोबत शिंप्याचा टेप, छोटा टॉर्च आणि तुमची मापं लिहिलेला कागद, एवढं पुरतं.

पायरी १: आधी स्वतःच्या कोटाची मापं घ्या

अंगाची मापं नकोत. तुम्हाला नीट बसणारा एखादा कोट घ्या, बटण लावा, पलंगावर सपाट पसरा आणि पाच मापं लिहा. पाठीमागून एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या बाहीच्या शिवणीपर्यंतचं अंतर म्हणजे तिरा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतच्या अंतराची दुप्पट म्हणजे छाती. लावलेल्या बटणाच्या रेषेत कंबर, तीही दुप्पट. खांद्याच्या शिवणीपासून कडेपर्यंत बाही. आणि कॉलरच्या खालच्या शिवणीपासून घेरापर्यंत पाठीची लांबी, त्यात कॉलर धरायची नाही.

जुन्या कोटावर ‘४०’ लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. माप ज्याच्या त्याच्या पद्धतीचं, शिवून घेतलेल्या कोटात आकडाच नसतो, आणि साठ-सत्तर वर्षांत कुणीतरी कोट आवळलेला किंवा सैल केलेला असण्याची शक्यता मोठी. ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याकडून हीच पाच मापं मागा. ‘मीडियम आहे, होईल तुम्हाला’ हे उत्तर आलं तर पुढे जा.

कोटाची छाती अंगाच्या छातीपेक्षा ३ ते ४ इंच जास्त असावी. तिऱ्यात अर्ध्या इंचाचा फरक चालतो, एक इंचाचा दिसतो. पहिल्यांदा जुना कोट घालणाऱ्याला मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, आवळ वाटतो, त्याला घाबरू नका. त्या काळी मुंढा लहान आणि काखेच्या अगदी जवळ कापत. त्यामुळे हात वर केला तरी अख्खा कोट वर चढत नाही. आजच्या तयार कोटात मुंढा खाली उतरलेला असतो, कारण तो वेगवेगळ्या अंगांना बसवायचा असतो. काखेत कापड रुतून दुखत असेल तर कोट लहान आहे. नुसता स्पर्श जाणवत असेल तर तो बरोबर आहे.

पायरी २: शिंपी काय करू शकतो, काय नाही

कंबर आवळणं सोपं. दोन इंचांपर्यंत आवळली तर खिसे एकमेकांजवळ सरकल्यासारखे दिसत नाहीत. सैल करणं मात्र आत किती माया, म्हणजे शिवणीत दुमडलेलं जादा कापड, ठेवली आहे त्यावर. पाठीच्या मधल्या शिवणीवर अस्तरावरून बोटं फिरवा. आत दुमडलेल्या कापडाची कडा हाताला लागते. शिवून घेतलेल्या कोटात तिथे इंचभर किंवा जास्त माया सापडते, कारखान्यातल्या कोटात बऱ्याचदा अर्ध्या इंचाच्या आसपास.

बाही इंचभर कमी करता येते, वाढवणं पुन्हा मायेवर. आणि वाढवताना जुन्या घडीची रेघ उघडी पडते. ती घासून पांढरट झालेली असेल तर इस्त्रीने जात नाही, बाहीभर पट्टा दिसत राहतो. मनगटापाशी खरी, उघडणारी काजं असतील तर खालून कमी-जास्त करायला जागाच राहत नाही. मग बाही खांद्यापासून काढावी लागते आणि ते खर्चिक काम आहे.

तिऱ्याला हात लावू नका. तिरा कमी करायचा तर दोन्ही बाह्या उतरवाव्या लागतात, आतलं पॅड आणि कॅनव्हास (कोटाला आकार देणारं आतलं जाडं कापड) कापावं लागतं आणि बाही पुन्हा मुंढ्यात बसवताना वरची गोलाई बिघडते. कोटाची लांबीही इंचापेक्षा जास्त कमी करू नये. खिसे आणि खालचं बटण कडेच्या फार जवळ येतात आणि कोट कापलेला आहे हे लांबूनही कळतं.

पायरी ३: कापड

दुकानात सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बाहीत टॉर्च घालून आतून उजेड पाडा आणि बाहेरून बघा. कोपर, काख, कॉलरची घडी, बाहीची कडा, खिशाचं तोंड आणि बसताना दाबला जाणारा पाठीचा खालचा भाग, ही झिजण्याची ठिकाणं. टाचणीएवढं भोक उजेडात लगेच दिसतं, नुसत्या डोळ्यांनी ट्वीडमध्ये कधीच दिसत नाही.

कसर लागली असेल तर भोकं असतातच असं नाही. कधी अळी कापड वरवर खाते आणि मऊ लव निघून खालची वीण उघडी पडते. कॉलर उलटा, लॅपलच्या मागे आणि खिशाच्या झाकणाखाली बघा. कापडाच्याच रंगाचे वाळूसारखे कण किंवा बारीक रेशमी नळ्या दिसल्या तर अळी तिथे राहून गेली आहे, कदाचित अजून आहे. दोन-चार भोकं असलेला कोट चांगला रफूगार वाचवतो. ट्वीडवरचं रफू शोधावं लागतं, वर्स्टेड या गुळगुळीत सुटाच्या लोकरी कापडावरचं मात्र कायम डोळ्यात भरतं. त्यामुळे तीच चार भोकं ट्वीडमध्ये चालतील, काळ्या सुटात नाही.

मग ताकद. काखेजवळ दोन्ही हातांनी कापड धरून हलकासा ताण द्या. ‘चर्र’ असा बारीक आवाज आला तर कोट परत टांगा. घामाने आणि वयाने धागा कुजला असेल तर रफूचा टाका धरायलाही काही उरत नाही. अस्तर फाटलेलं असणं हा मात्र दोष मानू नका. जुनं रेशमी आणि रेयॉनचं अस्तर चिरतंच, ते बदलून मिळतं, आणि फाटक्या अस्तरातून आतलं काम दिसतं हा उलट फायदा.

कापड लोकर आहे की नाही याची शंका असेल तर कोट घेतल्यानंतर आतल्या मायेतला एकच धागा ओढा आणि चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख बोटात चुरते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. सुती आणि रेयॉन कागदासारखे जळतात.

वजनाचाही विचार करा. त्या काळचं नेहमीचं सुटिंग वारी १४ ते १८ औंस असे, आज ८ ते ११ औंस सर्रास मिळतं. जड कापड सुंदर पडतं आणि सुरकुत्या रात्रीत सोडतं, पण मुंबई किंवा पणजीत १६ औंसचा फ्लॅनेल अंगावर टिकणार नाही. तिथे राहणाऱ्यांनी लिनन, सुती ड्रिल किंवा विरळ विणीचं ट्रॉपिकल वर्स्टेड शोधावं. पुण्याच्या डिसेंबरात संध्याकाळी ट्वीड चालून जातं, दुपारी नाही.

पायरी ४: आतलं काम

समोरच्या पल्ल्यात खालच्या काजाच्या जरा खाली, बाहेरचं कापड आणि आतलं कापड दोन्ही बोटांनी चिमटीत धरून वेगळं करा. मधे तिसरा, सुटा थर सरकताना जाणवला तर आत कॅनव्हास आहे: लोकर, लिनन किंवा सुताचं जाडं कापड, छातीपाशी घोड्याच्या केसांची जोड, आणि हे सगळं टाक्यांनी धरलेलं. थर जाणवलाच नाही आणि बाहेरचं कापड पुठ्ठ्यासारखं एकजीव लागलं तर आत गोंदाचं अस्तर इस्त्रीने चिकटवलेलं आहे. ही चिकटवण्याची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत पसरली आणि १९७० नंतर सर्रास झाली. तिचा गोंद ड्रायक्लीनच्या उष्णतेने सुटला की छातीवर फुगे येतात, आणि ते कायमचे बसवता येत नाहीत. छातीवर तिरका उजेड पाडून फुगे आहेत का बघा.

लॅपल उलटी वळवून मागच्या बाजूला निरखलं तर बारीक खळगे दिसतात. कॅनव्हास आणि लॅपल यांना गोलाई देऊन हाताने घातलेल्या टाक्यांच्या त्या खुणा. ही गोलाई टाक्यांमुळे टिकते, इस्त्रीमुळे नाही. कॉलर वर उचलून खालचं जाड फेल्ट बघा: कडेने तिरके, किंचित कमी-जास्त हातटाके असतील तर काम हाताचं, एकसारखी नागमोडी शिलाई असेल तर मशीनचं.

काजावर दोन मिनिटं घालवा. हाताच्या काजात आधी चीर देतात, कडेला जाड दोरा ठेवतात आणि त्यावरून एकेक गाठ बसवत जातात. वरून गाठींची उठावदार ओळ दिसते आणि मागची बाजू ओबडधोबड असते. मशीन बऱ्याचदा आधी शिवतं आणि नंतर चीर देतं, म्हणून चिरेच्या आत कापडाचे तंतू डोकावतात आणि पुढची-मागची बाजू जवळपास सारखी. पण काज हाताचं म्हणून कोट भारी, मशीनचं म्हणून टाकाऊ, असा हिशेब करू नका. १९५० च्या दशकातले चांगले अमेरिकी कोट मशीनच्या काजांचे आणि पूर्ण कॅनव्हासचे होते, आणि ते आजही ताठ उभे आहेत.

पायरी ५: वय ठरवणं

बाहेरच्या मोठ्या लेबलाआधी आतल्या खिशात हात घाला. लंडनच्या सॅव्हिल रो परिसरातले टेलर शिवून घेतलेल्या कोटाच्या आतल्या छातीच्या खिशात चिठ्ठीवजा लेबल शिवत. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव, तारीख आणि ऑर्डरचा क्रमांक शाईने लिहिलेला असतो. असा कोट सापडला तर वयाचा प्रश्नच मिटला. पण लक्षात ठेवा, तो एका विशिष्ट माणसाच्या अंगावर कापलेला आहे. त्याचा एक खांदा खाली असेल तर कोटाचाही आहे.

अमेरिकी कोटात अमाल्गमेटेड क्लोदिंग वर्कर्स या कामगार संघटनेचं छोटं लेबल शोधा, तेही बहुधा खिशात असतं. त्यावर बारीक अक्षरांत १९३९, १९४९ किंवा १९६२ असं वर्ष दिसतं. नवखे हमखास इथे फसतात: ते वर्ष लेबलाच्या नमुन्याचं आहे, कोटाचं नव्हे. १९४९ चं लेबल १९६२ पर्यंत लागत होतं. म्हणजे कोट ‘१९४९ नंतरचा, १९६२ च्या आसपासपर्यंतचा’, एवढंच सिद्ध होतं. निळ्या गरुडाचं एनआरए (मंदीच्या काळातली अमेरिकी सरकारची उद्योग योजना) लेबल असेल तर मात्र काळ अरुंद होतो, १९३३ ते १९३५.

ब्रिटिश कोटात ‘सीसी४१’ ही खूण म्हणजे युद्धकाळातल्या सरकारी युटिलिटी योजनेतलं कापड. योजना १९४१ ची, खूण १९५२ पर्यंत चालली. १९४२ पासून डबल ब्रेस्टेड (पल्ल्यावर पल्ला आणि बटणांच्या दोन ओळींचा) कोट, पँटच्या पायाची बाहेरची घडी, पाठीच्या चुण्या, बाहीची शोभेची बटणं यांवर बंदी होती आणि १९४४ मध्ये ती उठली. म्हणून सीसी४१ ची खूण असलेला डबल ब्रेस्टेड कोट बघून ‘नकली’ म्हणू नका. तो बंदीच्या आधीचा किंवा नंतरचा असू शकतो.

उलट्या बाजूने कापणारे पुरावे जास्त कामाचे. आरएन क्रमांक (अमेरिकेतला कंपनीचा नोंदणी क्रमांक) असेल तर कोट १९५२ च्या आधीचा नाही. वुलमार्कची, म्हणजे शुद्ध लोकरीची, गुंडाळीसारखी खूण १९६४ मध्ये आली. धुण्याच्या सूचनांचं शिवलेलं लेबल अमेरिकेत १९७२ पासून सक्तीचं झालं, त्यामुळे ‘ड्रायक्लीन ओन्ली’ लिहिलेला ‘१९४० चा’ कोट पुन्हा नीट बघावा. हॅरिस ट्वीडचं गोलाचं लेबल कापडाबद्दल बोलतं, कोट कुणी आणि कुठे शिवला याबद्दल नाही.

सगळ्यात जास्त फसवतात ते १९८० च्या दशकातले डबल ब्रेस्टेड कोट. रुंद खांदे आणि मोठी टोकदार लॅपल बघून ते १९४० चे म्हणून विकले जातात. मुंढ्यात हात घाला: मुंढा खाली, पॅड स्पंजचं, समोर चिकटवलेलं अस्तर आणि लावायचं बटण कमरेच्याही खाली असेल तर ऐंशीचं दशक. १९७० च्या दशकातल्या, पाठीवर पट्टा लावलेल्या कोटांचंही असंच. घाट तिसाच्या दशकाचा, कापड पॉलिएस्टरचं.

पायरी ६: आता घाट

नॉरफोक हा यातला सगळ्यात जुना, १८६० च्या दशकापासूनचा, शिकारीला घालायचा. पुढे-मागे उभ्या पेटीसारख्या चुण्या आणि त्याच कापडाचा कमरपट्टा. पट्टा हरवलेला असतो म्हणून आधी तोच शोधा. त्याच्याच वंशातला, १९३० च्या दशकातला अमेरिकी बेल्ट-बॅक कोट: पट्टा फक्त पाठीवर शिवलेला आणि खांद्यांमागे दोन खोल चुण्या, हात पुढे केला की उघडणाऱ्या. चुणी बोटांनी उघडून आतली घडी तपासा. बाहेरून कोट ताजा दिसतो आणि कापड नेमकं त्या घडीच्या कडेवर चिरलेलं असतं. काहींत चुणी परत मिटावी म्हणून आत इलॅस्टिक असतं, ते एव्हाना मेलेलं असणार, बदलणं सोपं.

लंडनचा ड्रेप कट ओळखायला जड आणि बिघडवायला सोपा. फ्रेडरिक शोल्टे या टेलरने तो रूढ केला आणि १९१९ पासून १९५९ पर्यंत ड्यूक ऑफ विंडसरचे (राजपद सोडलेला आठवा एडवर्ड) कोट त्याच्याच दुकानात शिवले गेले. छातीवर आणि पाठीच्या फऱ्यांवर थोडं कापड मुद्दाम जास्त ठेवायचं, कंबर आवळायची, खांदा मऊ. उभं राहिल्यावर छातीवर, बाहीच्या शिवणीच्या जरा पुढे, एक उभी, मऊ घडी पडते. नवखा माणूस हा दोष समजून शिंप्याकडे नेतो, शिंपी ते कापड दाबून टाकतो आणि कोटाचा प्राण जातो. अशा कोटाची छाती अंगापेक्षा ५-६ इंच जास्त भरली तरी तो मोठा समजू नका, तिरा बघून ठरवा.

अमेरिकी सॅक कोट याच्या नेमका उलट. समोर डार्ट (कंबर आवळायला घातलेली चिमटीची शिवण) नाही, कंबर जवळपास सरळ, खांद्यात नावापुरतं पॅड, मागे मधोमध आकड्यासारखी वळण घेतलेली चीर. ब्रुक्स ब्रदर्स या अमेरिकी दुकानाचा ‘नंबर वन सॅक’ हा याचा मूळ नमुना, १९५० च्या दशकात विद्यापीठांत याचीच चलती होती. तीन बटणं दिसतात, पण लॅपल गोल वळून वरचं बटण पोटात घेते आणि लावायचं ते फक्त मधलं. पारखायची खूण अशी: वरच्या काजाची चांगली बाजू लॅपल वळल्यावर बाहेर दिसणाऱ्या अंगाला असते. ड्रायक्लीनवाले नेमका हाच कोट बिघडवतात, वरच्या बटणापाशी लॅपल दाबून कडक घडी पाडतात. ती घालवायला लॅपल उलटी करून मागच्या बाजूने ओलं सुती फडकं ठेवून वाफ द्या, हाताने गोल वळवा आणि कोट पूर्ण गार होईपर्यंत हँगरवरून काढू नका. इस्त्री घडीवर टेकवायची नाही.

हॅकिंग जॅकेटचे तिरके खिसे, लांब घेर आणि खोल मागची चीर घोड्यावर बसण्यासाठी. चिरेच्या वरच्या टोकाशी शिवण ताणली आहे का ते बघा. केंट डबल ब्रेस्टेडमध्ये लॅपल खालच्या बटणापर्यंत लांब वळते आणि लावायचं तेच. बुटक्या माणसाला ती लांब तिरकी रेघ फार शोभते.

पायरी ७: घरी आणल्यावर

कपाटात टांगण्याआधी लोकरीचा कोट गोठवा. सुती कापडात हलका गुंडाळून जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, हवा काढा, तोंड टेपने बंद करा आणि उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. एका दाराच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा बहुधा तेवढा थंड होत नाही. डीप फ्रीझर हवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडू नका, नाहीतर हवेतलं पाणी गार कापडावर साचतं.

पाण्यात धुवायचा नाही, ‘जेंटल वॉश’वरही नाही. लोकर, कॅनव्हास आणि पॅड वेगवेगळ्या प्रमाणात आटतात आणि छाती कायमची वाकडी होते. मऊ ब्रशने वरून खाली झाडा, उलटा करून सावलीत दोन दिवस वारा द्या. काखेच्या अस्तराचा वास राहिलाच तर पाणी घातलेली व्होडका बारीक फवारतात, नाटकांच्या कपडेपटात हा उपाय जुना आहे. आधी आतल्या कोपऱ्यावर थेंब टाकून रंग सुटत नाही ना बघा. ड्रायक्लीन एकदा, गरज असेल तर, आणि ‘इस्त्री करू नका’ असं पावतीवर लिहून घेऊन.

हँगर रुंद खांद्याचा, टोकाशी दोन इंच जाड. वर मलमलचं किंवा जुन्या चादरीचं आवरण, प्लॅस्टिकचं नको. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर बुरशीचे चार महिने आहेत. आठवड्यातून एकदा कोट बाहेर काढून पंख्याखाली ठेवा, आणि कॉलरखाली पांढुरकी पूड दिसली तर घरात नाही, गॅलरीत नेऊन झाडा.

शिंप्याकडे देताना दोन गोष्टी आधीच सांगा. समोरचे पल्ले उसवायचे नाहीत, कंबर पाठीच्या आणि बाजूच्या शिवणीतूनच घ्यायची. आणि माया कापून टाकायची नाही, आत तशीच दुमडायची. बाही कमी करताना जे कापड निघेल ते परत मागून घ्या आणि पाकिटात घालून कोटाच्याच आतल्या खिशात ठेवा. पुढे कोपर विरलं तर रफूगाराला जुळता धागा त्याच तुकड्यातून काढता येतो, बाजारात तो मिळत नाही.